वर्गणीचे गाणे आणि मालकीचे गाणे

संगीत घरी आणावयाचे ते विकत घेऊन आणावे की वर्गणी भरून ऐकावे, हा प्रश्न मोबाइल-फोनवर मासिक वर्गणीत लाखो गाणी मिळू लागल्यापासून पुन्हा चर्चिला जाऊ लागला आहे. बोलणाऱ्यांच्या स्वरावरून तो काल-परवा निर्माण झाला असावा असे वाटते. वस्तुतः हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे. ग्रामोफोनची तबकडी सामान्यांच्या घरात शिरण्याच्या आधीच युरोपातील काही राजधान्यांत वर्गणीचे गाणे तारेवरून घरी येत होते, हे आज फारसे कोणाच्या ध्यानी नाही.

१८८१ साली पॅरिस येथे विजेचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे ग्राहक बसवून तेथील गाणे तारांवरून प्रदर्शनात आणले आणि लोकांनी दोन्ही कानांस दोन श्रवणनळ्या लावून ते ऐकले. १८९० मध्ये याच कल्पनेवर ‘तेआत्रोफोन’ नावाची कंपनी निघाली. तिची यंत्रे हॉटेलांतून असत. नाणे टाकले की पाच मिनिटे गाणे. घरी बसून ऐकू इच्छिणाऱ्यांसाठी वर्गणी होती. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त १९११ साली या कंपनीचा वर्गणीदार झाला आणि दम्याने जर्जर झालेल्या त्या गृहस्थाने अंथरुणात पडल्या पडल्या द्यब्यूसीचा ऑपेरा ऐकला. बुडापेस्ट येथे १८९३ पासून ‘टेलिफोन हिर्मोन्दो’ ही संस्था दिवसा बातम्या आणि रात्री संगीत पुरवीत असे. लंडनमध्ये १८९५ साली ‘इलेक्ट्रोफोन’ निघाला. त्याची वार्षिक वर्गणी पाच पौंड होती. त्या काळी पाच पौंड ही लहान रक्कम नव्हे, तेव्हा हा धनिकांचाच षोक होता हे उघड आहे. पुढे नभोवाणी आली आणि लंडनची संस्था १९२५ मध्ये, पॅरिसची १९३२ मध्ये बंद पडली.

या संस्थांनी वर्षानुवर्षे जे संगीत वर्गणीदारांच्या कानांपर्यंत पोचविले ते त्यांच्या कानांतच विरले. याउलट १९०२ च्या एप्रिलमध्ये फ्रेड गायस्बर्ग नावाच्या ध्वनिमुद्रकाने मिलान येथील एका हॉटेलच्या खोलीत तरुण कारूसोच्या आवाजात मुद्रित केलेली गाणी आजही ऐकावयास मिळतात. ती विकली गेली आणि विकत घेणाऱ्यांनी जपली, एवढेच त्याचे कारण.

हाच गायस्बर्ग त्याच वर्षी कलकत्त्यास येऊन पोचला आणि नोव्हेंबर महिन्यात त्याने गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव उच्चारीत असे. त्यात गायिकेचा दिमाख असेलच. परंतु व्यवहाराची बाजू अशी सांगतात की मुद्रणे छपाईसाठी जर्मनीत हानोव्हरला जात असत आणि कोणती तबकडी कोणाची हे तेथील कारागिरांस नावावरूनच कळावयाचे. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो डमडम येथे गेला. गंमत अशी की तबकडीचा प्राण असलेली लाख मूळची आपल्याच देशातील. छोटा नागपूरच्या रानांत किडे जी राळ झाडांवर सोडतात तिच्यावरच जगभरचा हा धंदा १९५० च्या आसपासपर्यंत उभा होता.

तबकडीने गाण्याचा संकोच केला हा आक्षेप खरा आहे. तास-दीड तास पसरणारा ख्याल तिने तीन-साडेतीन मिनिटांच्या चौकटीत कोंबला. तरीही तिचे ऋण मराठी माणसाने नाकारू नये. नाट्यसंगीत नाटकमंडळ्यांच्या मुक्कामाबाहेर गेले ते मुख्यतः तबकडीच्या पाठीवर बसून. इंदूर, बडोदे, नागपूर सोडून ज्या गावी मंडळी कधीच गेली नाही, तेथल्या माणसाला बालगंधर्व भेटले ते असेच. आणि ज्यांनी तबकडी दिली नाही त्यांचे काय झाले तेही पाहावे. उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. दोघांचेही गाणे आज आपणांस उपलब्ध नाही. ते कसे असेल याचा तर्क आपण शिष्यांच्या तबकड्यांवरून करतो: एकाचा केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यावरून, दुसऱ्याचा मास्टर कृष्णराव व बालगंधर्व यांच्यावरून. केसरबाईंची भैरवीची एक साडेतीन मिनिटांची तबकडी तर १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णमुद्रिकेत समाविष्ट होऊन सूर्यमालेबाहेरच्या प्रवासास गेली. त्या मुद्रिकेसोबत ती वाजविण्याची सुई आणि कृतीचे चित्रही ठेवलेले आहे. ज्याच्या हाती ती पडेल त्याने ती वाजवावी. कोणाची परवानगी नको.

वर्गणीचे गाणे आपल्याकडे आले ते नभोवाणीच्या रूपाने. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, महिन्याभराने कलकत्त्याचे. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावयाचा आणि मग वर्षभर वाटेल तितके ऐकावयाचे. हिशेब गाण्यागणिक नाही, काळागणिक आहे. आजच्या मासिक वर्गणीचा खरा पूर्वज हाच. परंतु परवानेधारकांची संख्या आठ हजारांच्या आतच अडकली. चोरून ऐकणारे निराळेच. १९३० साली कंपनी बुडाली. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली आणि १९३१ मध्ये काटकसरीपायी ती बंद करण्याचा निर्णयही जाहीर केला. श्रोत्यांनी व व्यापाऱ्यांनी ओरड केली म्हणून तो मागे घेतला गेला, नाही तर भारतीय नभोवाणी बाल्यावस्थेतच संपली असती. १९३६ मध्ये तिचे नाव ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले. टपाल कार्यालयात जाऊन परवान्याच्या पुस्तकावर दर वर्षी तिकीट लावून आणण्याची प्रथा १९८० च्या दशकापर्यंत टिकली. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांच्या कागदपत्रांत ती लहानशी पुस्तिका अद्याप सापडते.

वर्गणीच्या गाण्यात एक गोष्ट अध्याहृत असते. काय ऐकावयाचे हे श्रोता निवडतो असे वाटले, तरी कशातून निवडावयाचे हे दुसरा कोणी ठरवितो. १९४० साली रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. हे वाद्य परदेशी आहे, त्यातील स्वर बांधलेले आहेत, त्यावर मींड निघत नाही, असा युक्तिवाद होता. शास्त्रदृष्ट्या त्यात तथ्यही आहे. पण ज्या महाराष्ट्राने गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकली होती त्याला हा युक्तिवाद कितपत पटला असेल? दहा रुपये भरणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. बंदी उठू लागली ती १९७१ मध्ये. मधली तीस वर्षे पेटी ऐकावयाची तर मैफलीत, नाटकात, नाही तर स्वतःच्या तबकडीवर.

याहून बोलके उदाहरण १९५२ चे आहे आणि त्याचा नायक मराठी आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळ पुण्याचे. त्या वर्षी ते माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटसंगीताने देशाची अभिरुची बिघडत आहे असे त्यांचे प्रामाणिक मत होते. त्यांनी रेडिओवरील चित्रगीतांचे प्रमाण कमी केले आणि गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात होय असे ठरवून ते थांबविले. यावर निर्मात्यांनी गाणी वाजविण्याची अनुज्ञाच काढून घेतली. शासन व निर्माते यांच्या या भांडणात देशातील सर्वांत लोकप्रिय गाणी देशाच्या रेडिओवरून जवळजवळ नाहीशी झाली. परवान्याचे पैसे मात्र पूर्ववतच भरावे लागत होते.

श्रोत्यांनी काट्याचे तोंड सिलोनकडे फिरविले. रेडिओ सिलोनवर १९५२ च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानी यांचा आवाज घरोघर पोचला. म्हणजे एका पुरवठादाराने हात आखडता घेतल्यावर लोक दुसऱ्याच्या दारी गेले. ज्यांच्या घरी ग्रामोफोन व तबकड्या होत्या त्यांना मात्र कोठेच जावे लागले नाही. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारने चित्रगीतांस पुन्हा घरात घेतले.

केसकरांविषयी येथे दोन शब्द बोलणे न्यायाचे होईल. त्यांच्या धोरणाची थट्टा फार झाली. पण त्यांच्याच कारकीर्दीत, १९५२ पासून, शनिवारच्या रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि ज्यांनी शास्त्रीय गाण्याची तबकडी उभ्या जन्मात विकत घेतली नसती अशा असंख्य लोकांच्या कानांवर थोर गवई-बजवय्ये पडले. मालकीच्या गाण्यात हा गुण नाही. माणूस विकत घेतो ते बहुधा आधीच आवडलेले. अनपेक्षित आणि न मागितलेले गाणे येते ते वर्गणीच्या वाटेनेच.

या जुन्या भांडणाची आठवण २०२३ च्या मार्चमध्ये अनेकांना झाली असेल. निदान व्हावयास हवी होती. ‘स्पॉटिफाय’ या सेवेचा ‘झी म्युझिक’ या कंपनीशी असलेला करार संपला, नवा जुळला नाही, आणि एके दिवशी त्या कंपनीची गाणी वर्गणीदारांच्या याद्यांतून नाहीशी झाली. नावे करडी होऊन तशीच राहिली, दाबली तर वाजेनात. १९५२ मध्ये मंत्री आणि निर्माते होते, येथे दोन कंपन्या होत्या. पण दोहोंच्या मध्ये बसलेला श्रोता तोच. त्यापुढील वर्षी तर आपल्याकडील दोन सेवाच बंद झाल्या: २०२४ च्या आरंभी ‘रेसो’ आणि त्याच वर्षी पुढे, दहा वर्षे चाललेली ‘विंक’. फोनवर ‘उतरवून’ घेतलेली गाणी तरी राहतील असा ज्यांचा समज होता त्यांचाही निरास झाला. ती गाणी कुलूपबंद असतात. वर्गणी किंवा सेवा संपली की किल्ली मोडते.

विकत घेतलेले म्हणविणारे गाणेही कधी कधी असेच निघते, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत याहू कंपनीने एकेक गाणे पैसे घेऊन विकले होते. २००८ मध्ये तिने ते दुकान बंद केले तेव्हा गाण्यांची कुलुपे उघडणारे यंत्रही बंद करण्याचे जाहीर केले. कुलूप दुसऱ्याच्या हाती असेल तर ती मालकी कसली? लाखेच्या तबकडीला काही नसले तरी एवढे होते की ती कोणत्याही यंत्रावर, कोणाच्याही घरी, विक्रेता मेल्यावरही वाजत असे. ती फुटत असे, झिजत असे. पण कोणी परत मागत नसे.

वर्गणीचे गाणे आणि मालकीचे गाणे ही नेहमी एकाच गाण्याची दोन रूपे असतात असेही नाही. ‘गीतरामायण’ घ्या. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे केंद्रावरून त्याचे पहिले गीत ध्वनिक्षेपित झाले. ग. दि. माडगूळकरांनी आठवड्यास एक याप्रमाणे वर्षभर छप्पन्न गीते लिहिली आणि सुधीर फडके यांनी त्यांना चाली दिल्या. रेडिओवर ही गीते अनेक गायक-गायिकांनी म्हटली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके आणि इतर. प्रत्येक पात्राला निराळा आवाज होता. पुणे केंद्राच्या टापूत राहणाऱ्यांनी हार घालून रेडिओची पूजा केल्याच्या कथा सर्वश्रुत आहेत. परंतु दिल्ली, कलकत्ता, जबलपूर, मद्रास येथे नोकरीनिमित्त पडलेल्या मराठी माणसाच्या वाट्याला त्या वर्षी बहुतांशी गीतांचे शब्दच आले. गाणे म्हणून त्याच्या हाती आले ते पुढे तबकड्या निघाल्यावर, आणि त्या तबकड्यांत सगळ्या पात्रांचे गाणे एकट्या फडक्यांच्या आवाजात आहे. आज ‘गीतरामायण’ म्हटले की बहुतेकांच्या कानांत तोच आवाज घुमतो. ज्याची मालकी देता आली ते रूप रूढ झाले. जे केवळ ऐकविले गेले ते अभ्यासकांचा आणि वृद्धांच्या स्मृतीचा विषय झाले. फडक्यांच्या गायनाची थोरवी याने उणी होत नाही. पण कौसल्येच्या मुखी स्त्रीचाच आवाज ऐकलेल्यांनी जे ऐकले ते आपण ऐकलेले नाही, हे लक्षात असावे.

फितीच्या कॅसेटविषयी फार लिहीत नाही. फिलिप्स कंपनीने ती १९६३ मध्ये काढली आणि १९८० च्या दशकात आपल्याकडे तिने घरोघर संचार केला. तिने एक मोठी गोष्ट केली ती अशी की रेडिओवरील गाणे तिच्यावर उतरवून घेता येऊ लागले. म्हणजे वर्गणीचे गाणे चोरवाटेने मालकीचे झाले. कायद्याच्या दृष्टीने हे सारेच निर्दोष होते असे नाही. तथापि अनेक मोठ्या गायकांच्या आकाशवाणीवरील मैफली आज उरल्या आहेत त्या कोणा हौशी श्रोत्याने आपल्या घरच्या यंत्रावर टिपून ठेवल्या म्हणून.

आता आपल्यासारख्यांची बाजू. फिरतीची नोकरी ही मालकीच्या गाण्याची जन्मजात वैरीण आहे. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड मोडावयाचे, कारकुनाच्या वर्गाला किती सामान नेता येते याचा नियम पाहावयाचा आणि मग कशाकशाला रजा द्यावयाची ते ठरवावयाचे. शंभर तबकड्यांची पेटी एकट्याला सहज उचलवत नाही. गुवाहाटीहून कोचीपर्यंत मालगाडीने गेलेल्या लाखेच्या तबकड्यांची अवस्था काय होते ते सांगावयास नको. अशा माणसाला खिशात मावणारे, वजन नसलेले आणि पोर्ट ब्लेअरच्या सरकारी क्वार्टरातही उगवत्या सकाळी भूपाळी ऐकविणारे गाणे मिळाले, तर त्याने ते का नाकारावे? मी स्वतः वर्गणी भरतो आणि तिचे पैसे वाया गेले असे मला वाटत नाही. केवळ जुन्याच्या प्रेमापोटी या सोयीला नाक मुरडणाऱ्यांनी एकदा परप्रांतात, जेथे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी मराठी शब्द नाही अशा ठिकाणी, दोन पावसाळे काढून पाहावेत.

माझा आक्षेप सेवेवर नाही; तिच्यापाशी सर्व काही आहे या समजुतीवर आहे. सेवेच्या भांडारात तेच असते जे कोणीतरी आधी जपले, स्वच्छ केले, तिला दिले. जुन्या नाट्यपदांच्या, भजनांच्या, लावण्यांच्या, विनोदी नकलांच्या तबकड्यांपैकी जे आज ऐकू येते त्यात खाजगी संग्राहकांचा वाटा फार मोठा आहे. अशा संग्राहकांनी १९९० मध्ये मुंबईस ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन केली. कायदाही येथे संग्राहकाच्या बाजूस आहे. १९५७ च्या आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेवरील हक्क ती प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गीत व चाल यांचे हक्क निराळे मोजावे लागतात, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. पण ध्वनिमुद्रण म्हणून लाखेच्या तबकड्यांचा जवळजवळ सगळा काळ आता मोकळा झालेला आहे. हक्क सुटला तरी वस्तू हाती असावी लागते. ज्याची एकही प्रत कोणी ठेवली नाही त्याला मोकळे करून कायदा काय करणार?

शिवाय सेवेवर जुनी मुद्रणे येतात तीही पुष्कळदा अर्धवट ओळखीनिशी. गायकाचे नाव असते. नाटक कोणते, साथ कोणाची, साल कोणते, याचा पत्ता नसतो. तबकडीवरच्या कागदी चकतीवर यातील निदान काही असे.

या वाचकवर्गात अशी घरे असतील की जेथे आजोबांच्या वेळची एखादी पेटी माळ्यावर किंवा गावच्या वाड्यात पडून आहे. बदलीच्या वा वाटणीच्या आवराआवरीत ती भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी प्रत्येक तबकडीवरील मजकूर एका वहीत उतरवून घ्यावा: गायकाचे नाव, पदाचे आरंभीचे शब्द, नाटक, राग, कंपनीचे चिन्ह आणि चकतीवर छापलेला क्रमांक. चकती आणि शेवटची रेघ यांच्या मधल्या कोऱ्या जागेत आणखी एक बारीक क्रमांक उठविलेला असतो. तो नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही. तबकडी खिडकीपाशी तिरपी धरावी लागते. तोही लिहून घ्यावा. मुद्रण केव्हा झाले हे जाणकार बहुधा त्यावरूनच ठरवितात.